शेजारणीची बाटली

ती. ताईस धाकटीचा नमस्कार.

आधी हे वाच, लेक बरी आहे. आज पोटभर जेवली आणि माझ्यावर ओरडलीसुद्धा.

मागे लिहिलंच होतं, तिच्या रक्तातल्या पेशी लवकर फुटतात म्हणून खडे झाले. पित्ताशय काढलं, तरी एक खडा नळीत अडकून राहिला आणि डोळे पुन्हा पिवळे झाले. तोंडातून दुर्बीण घालून तोही काढला.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा आजार हाच, ऑपरेशनही त्याच दिवशी. ती मात्र चौथ्या दिवशी घरी गेली! तिची आई काढलेल्या खड्यांची बाटली वॉर्डभर दाखवत हिंडायची, जणू लेकीला बक्षीस मिळालंय. माझा नुसता जळफळाट व्हायचा. निघताना म्हणाली, "तुमचीही सुटेल हो लवकर." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. तेव्हा मनात काय आलं, ते लिहिणार नाही.

तुझ्याकडे ठेवलेला माझा धाकटा त्रास देत नाही ना? तुलाच आई म्हणायला लागला नाही ना?

काल शेजारीण परत आली. तिच्या लेकीचे डोळे पिवळेजर्द, बाटली कुठेच नाही. मी माझी खुर्ची तिला दिली.

"तुमच्या लेकीचे डोळे किती दिवसांत निवळले?" तिने विचारलं.

"तीन," मी म्हणाले. तुलाही तेच कळवलं होतं. लागले नऊ.

आईला वाचून दाखवताना तीनच म्हण.

तुझी,
धाकटी