भुईपुढचं शून्य

आत्याबाई,

गेल्या महिन्यात घरी काय आलं ते आधी लिहिते. भिंतीवरचं घड्याळ एक. माझ्यासाठी जरीकाठाचं लुगडं एक. पेढे एक किलो. नारळ पाच. पुण्याहून जीपमधून आलं. किंमत काही नाही. वहीत डाव्या बाजूला वस्तू लिहून झाल्या आणि उजव्या बाजूला पेन थांबलं, ते थांबलंच. तुमच्या हाताखाली वही लिहायला लागल्यापासून फुकट आलेली वस्तू मी कधी लिहिलेली नाही, कारण आपल्याकडे फुकट काही आलंच नाही. पेढे मुलांनी संपवले. लुगड्याची घडी मी मोडलेली नाही. घड्याळ मात्र तुमच्या लेकाने लगेच खिळा ठोकून लावलं, आणि आता ते चालतंय. भाकरी थापताना त्याचा आवाज येतो.

पाठवणारे पुण्याचे एक कारखानदार आहेत. त्यांना माळ हवा आहे. आपला दोन एकराचा, अकरा घरांचा माळ. तिथून धरणाचं पाणी दिसतं म्हणून. बंगला बांधून ओसरीवर बसून पाणी बघायचंय म्हणाले. मी चहा गाळत होते, माझ्या हातून गाळणी सुटली. त्या पाण्याखाली तुमचं माहेर आहे हे त्यांना कोण सांगणार? जीप गेल्यावर तुमच्या लेकाने मला म्हटलं, “आईनं माझ्यावर इस्वास ठेवला न्हाई, तुज्यावर ठेवला. बक्षीसपत्र तुज्या नावचं, सही तुजी. आता तूच सांग पोरीचं लग्न कशात करायचं.” रागाने नाही म्हणाले, थकून म्हणाले. मला रागाचं एवढं भय वाटलं नसतं.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. माळावर अजून अकराच घरं आहेत. दुष्काळ सरला त्या वर्षी तुम्ही ती वसवलीत तेव्हा सगळ्या गावाने तुम्हाला वेड्यात काढलं होतं. धरणात गाव गेलेली माणसं ती. दुसऱ्याच्या बांधावर झोपडी घालायची, मालकाची मर्जी फिरली की कुडाच्या काठ्या डोक्यावर घेऊन पुढच्या बांधावर जायचं, असं दोन पिढ्या चाललेलं. तुम्ही म्हणालात, “घर ज्येचं त्येचं. भुई समद्यांची. भुई कुनी इकायची न्हाई, मी बी न्हाई.” तेवढाच तुमचा कायदा. मी मॅट्रिक झालेली, पण इतका सोपा कायदा मी पुस्तकात वाचला नव्हता.

तो कसा चालतो हे मला कळलं ते पहिलं घर रिकामं झालं तेव्हा. कडेच्या घरातली विधवा बाई मुलाकडे मुंबईला निघाली होती. गावातला एकजण तिला रोख पैसे द्यायला तयार होता. तुम्ही मला वही घेऊन नेलंत आणि दारातल्या दगडावर बसून एकेक सांगत गेलात. वासे किती, कौलं किती, चौकट सागाची का आंब्याची, गिलाव्याला मजूर किती लागले. मी लिहीत गेले, बेरीज केली, खाली रेघ मारली. “भुई लिव्ह,” तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, “तिचं काही धरायचं नाही ना? मग कशाला लिहायची?” तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत मला फाडलंत. “शाळा शिकलीस आन् येवढं कळंना? न्हाई लिवलं तर उद्या कुनीबी म्हनंल, इसरली हुती, आता धरा. भुई लिव्ह. म्होरं शून्य लिव्ह. शून्य लिवल्याबिगर माझ्या वहीत घर इकायचं न्हाई.” माझे कान लाल झाले. पण शून्य लिहिलं. त्या बाईला लाकूड-कौलांचे पैसे वस्तीने वर्गणीने दिले आणि त्याच पैशांत ते घर एका गवंड्याला मिळालं. भुईची किंमत धरली असती तर त्याच्या सात पिढ्यांना ते मिळालं नसतं. पुढे आणखी तीन घरं अशीच हातबदल झाली. प्रत्येक पानावर भुईपुढे शून्य आहे.

आणि हे सगळं उभं कशावर, तर एका दुपारच्या शपथेवर. तुम्ही देव्हाऱ्यातले खंडोबाचे टाक ताटात घालून माळावर आणलेत. बाजूला बेलाची पानं, वर भंडारा. एकेका घरातला एकेकजण पुढे येतोय, ताटावर हात ठेवून बेलभंडारा उचलतोय, भुई विकणार नाही म्हणतोय. बौद्धांची दोन घरं होती, ते म्हणाले, आमचा शब्द घ्या, ताट नको. तुम्ही शब्द घेतलात. शेवटी मला बोलावलंत, कारण तुमच्या मागे वही माझ्याकडे राहणार होती.

आत्याबाई, मी त्या ताटाला हात लावला नाही. माळाची चढण चढताना वाटेतच मला कळलं होतं की कावळा शिवलाय. पुरुषांच्या घोळक्यासमोर ते कसं सांगू? परत फिरले तर का फिरली म्हणून विचारतील. मी हात ताटावर नेला आणि बोटभर वर धरला. तोंडाने पुटपुटले ते काय पुटपुटले मलाच आठवत नाही. तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. बाकीचे खाली वाकून ऐकत होते. कोणाला काही दिसलं नाही. त्या आठवड्यापासून मी खंडोबाचा रविवारचा उपास धरला, तो अजून चालू आहे. घरात सगळ्यांना वाटतं मुलांसाठी धरलाय.

मग तुम्ही आजारी पडलात आणि मला घेऊन एसटीने पौडला गेलात, माळ माझ्या नावावर करायला. कागदावर तुम्ही अंगठा दिलात. तुमच्या वडिलांनी धरणाच्या कागदावर अंगठा दिला होता, तेव्हा तुम्ही त्यांच्या धोतराला धरून उभ्या होतात, हे तुम्ही मला गाडीत सांगितलंत. घरी आल्यावर चुलीपुढे बसून तुम्ही राखेने अंगठा घासत राहिलात. शाई केव्हाच गेली होती. मला म्हणालात, “कागदावर तुझं नाव हाय, पर भुई तुझी न्हाई. तू बेलभंडारा उचललाईस, म्हनून तुझ्या नावावर केली.” त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी तुमच्यापुढे पेजेची वाटी ठेवली आणि उठले.

यंदा लावणीच्या वेळी खाचरात माझ्या पायावरून साप गेला. नुसता गेला, काही केलं नाही. पण मी चिखलात मटकन बसले आणि पहिला विचार मुलांचा आला नाही, माळाचा आला. मी मेले तर आज ना उद्या सातबारावर तीन मुलांची नावं चढतील. त्यांनी कुठलं ताट पाहिलंय? तिघांनी ठरवलं की झालं. त्यानंतर महिन्याभरात जीप आली. मला वाटलं, देवाने आधी साप पाठवला, मग जीप पाठवली, आता तिसरं काय पाठवेल?

वस्तीतल्या बौद्धांच्या एका घरातला कर्ता माणूस एसटीत कंडक्टर आहे. तो मला किती वर्षं सांगतोय, “वैनी, शब्द माणसाबरोबर मरतो. संस्था करा. जमीन संस्थेची, घर ज्याचं त्याचं, विकायचं तर संस्थेलाच, वहीत आहे त्याच दराने. आईंचाच कायदा, फक्त शिक्क्याचा.” जीप येऊन गेल्यावर मी त्याला हो म्हटलं. त्याने पौडच्या वकिलाकडून मसुदा करून आणला. अकरा घरांचे अकरा अंगठे किंवा सह्या, आणि माळ संस्थेला दिला म्हणून माझी सही. एवढंच पाहिजे होतं.

रविवारी सकाळी सगळे माळावर जमले. कंडक्टरने मसुदा वाचला. ऐकून माणसं हसायलाच लागली. तुमच्या बुडालेल्या गावची मैत्रीण, मावशी, आता वाकून गुडघ्याला टेकल्यात, पण जीभ तशीच आहे. म्हणाल्या, “कंडाक्टर, तिकीट फाडतुयास व्हय आमचं? कुटवरचं फाडतुयास?” सगळे खो खो हसले. तोही हसला आणि म्हणाला, “मावशे, तुजं हितलंच फाडतोय. उतरायचंच न्हाई.” मावशींचं हसू थांबलं. म्हणाल्या, “माझ्या बानं येकदा आंगटा दिला. त्येचं काय झालं ते जा, पाण्यात वाकून बघ. आमी न्हाई देनार. वैनीनं बेलभंडारा उचललाय. देवापरास वकील मोठा झाला व्हय?” गवंडी म्हणाला, “आन् वैनी काय इकनारी हाय का भुई? हात ठिवलाय तिनं ताटावर.” सगळ्यांनी माना हलवल्या. किती विश्वासाने हलवल्या, आत्याबाई.

मी उभी राहिले. कुडाचा खांब धरला. म्हटलं, “मी हात ठेवलेला नाही.” कोणाला कळलंच नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं. कारणही सांगावं लागलं, पुरुषांपुढे, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. देवाला विटाळ केला म्हणून शिव्या देतील, तोंडात मारतील, अशी मी तयारी केली होती. तसं काहीच झालं नाही. गवंडी हळूच म्हणाला, “म्हंजी इतकी वर्सं मोकळीच हुती ही.” विटाळाचं कोणी नावही काढलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मी ओळखलं. बांधाच्या मालकाकडे माणसं तसं बघतात.

मावशींनी मला पुष्कळ वेळ न्याहाळलं. मग कंडक्टरला म्हणाल्या, “आण ती शाई.” त्यांनी पहिला अंगठा दिला. देताना डोळे मिटले होते, जसं इंजेक्शन घेतात. मग बाकीचे एकामागून एक. दोघांनी सह्या केल्या. मला हवं होतं तेच झालं, अकराच्या अकरा. पण ते माझ्या सांगण्यावर झालं नाही, मला भिऊन झालं. कंडक्टर माझ्या हातात कागद देताना म्हणाला, “बरं केलंत वैनी, सांगितलंत ते.” तोच एक वैनी म्हणाला. निघताना मी मावशींना हात द्यायला गेले, तर त्या बाजूला सरकून म्हणाल्या, “असू द्या, मालकीणबाई.” काल पाणवठ्यावर गवंड्याच्या बायकोनेही तेच म्हटलं, मालकीणबाई, आदी तुमी भरा. हंडा खाली ठेवून ती लांब उभी राहिली. मी रिकामी घागर घेऊन घरी आले.

तुमच्या लेकाला सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सोडवलीस की गाठ. म्हंजी तू इकू बी शकतीस, आन् देऊ बी शकतीस. मी काय बोलनार न्हाई.” त्यांनी मला अडवलं असतं तर मी भांडले असते आणि भांडणाच्या भरात सही करून मोकळी झाले असते. ते अडवत नाहीत. मुलगी दहावीला आहे, तिचा अभ्यास चाललाय, तिला यातलं काही ठाऊक नाही.

सोमवारी पौडला कागद द्यायचे आहेत. कंडक्टर त्याच्याच गाडीत मला जागा धरणार आहे. आज शुक्रवार. कागद देव्हाऱ्याखाली ठेवलाय, नऊ अंगठे आणि दोन सह्या आहेत, आणि त्याखाली माझ्या सहीची जागा आहे. ती कोरी आहे. पाच दिवस झाले. रोज पूजा झाल्यावर कागद काढते, पेनाचं टोपण उघडते आणि पुन्हा लावते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून टाकणारही नाही. तरी एक गोष्ट माळावर सगळ्यांपुढे सांगितली नाही ती इथे लिहिते. मी त्यांना म्हटलं की लाजेमुळे हात वर धरला. ते खरं आहे, पण सगळं नाही. हात बोटभर वर राहिला आणि कोणी पाहिलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं. नवी सून होते, अंगावरच्या धडुत्याशिवाय माझं म्हणून काही नव्हतं, आणि वाटलं, एवढं एक तरी माझ्याकडे सुटं राहिलं. पेन हातात घेतलं की आजही तेच वाटतं. त्या वाटण्याचं मला जीपपेक्षा आणि सापापेक्षा जास्त भय वाटतं.

तुम्हाला तेव्हा खरंच दिसलं नव्हतं का? दिसूनही माळ माझ्या नावावर केला असेल, तर का केलात? सोमवारी पहिली गाडी सातला आहे. त्याआधी, कृपा करून, उलट टपाली कळवा.