पिवळीची गोळी

१९ ऑगस्ट १९७४, सोमवार
पिवळीनं खाजवून खाजवून मानेवरचे केस काढलेत! खाली लाल चट्टे. हळदीच्या पोत्यांवर लोळते म्हणून की काय — पण दोन वर्षं लोळतेच आहे. मूळची पांढरी मांजर, आमच्या वखारीत राहून पिवळी झाली.

सासूबाईंच्या लेखी ती आमची नाहीच. जैनाच्या घरात उंदीर मारणारं जनावर पाळायचं नसतं. "हाकल तिला, चंदन. तिच्या पापात आपुण वाटेकरी नगं." मी हो म्हणते आणि जिन्याखाली दूध ठेवते.

२० ऑगस्ट, मंगळवार
यांच्या अंगावर पित्त उठतं तेव्हाच्या गोळ्या फडताळात आहेत. खाज तीच की! दुपारी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. तो हसलाच. "मान्साला एक, मांजराला अर्धी. आता अर्धी, रात्री अर्धी. झोपून ऱ्हाईल, भिऊ नगा."

रात्री? चातुर्मासात आमच्याकडे दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात जात नाही. मांजराला हा नियम आहे का? कुणाला विचारू! दोन्ही अर्ध्या पाचलाच दुधात कालवून दिल्या. चाटूनपुसून प्यायली.

२१ ऑगस्ट, बुधवार
झोपेल म्हणाला होता. झोप कुठली! भिंतीवर झेपावते, पडते. डोळे नुसते काळे दिसतायत, बाहुल्या एवढ्या मोठ्या. अंगाला झटके.

वखारीतल्या ज्ञानूनं बुट्टीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेली, मी बरोबर. डॉक्टर माझ्यावरच उखडले. "माणसाची गोळी? कुणाला विचारून? मांजराचं वजन न बघता अर्धीसुद्धा देऊ नये!" मग विचारलं, किती दिली? एक, म्हटलं. "एका गोळीनं एवढं? नक्की एकच ना?" तीनदा विचारलं. एकच! मीच तर मोडून दिली. मग? गोळी जुनी होती? की एकदम दिली म्हणून? डोकं चालेनासं झालंय.

इंजेक्शन दिलंय. बघू म्हणाले.

२२ ऑगस्ट, गुरुवार
पिवळी गेली. सकाळी, दूध तापत होतं तेव्हा. ज्ञानूनं नदीच्या बाजूला पुरली. "रडू नगासा वैनी, मुकं जनावर, त्याचं त्येवढंच हुतं." हे म्हणाले, मांजरच होतं की.

मी मारली तिला. लिहून ठेवते.

सासूबाईंनी ताट सरकवलं. आज अष्टमी नाही, चतुर्दशी नाही, पर्युषण लांब आहे. विचारलं तर "भूक न्हाई."

२३ ऑगस्ट, शुक्रवार
आजही जेवल्या नाहीत. नुसतं पाणी, तेही एकदाच. माझ्या हातून जीव गेला म्हणून माझ्या हातचं नको? मग तसं म्हणावं तरी! रागावत नाहीत, बोलत नाहीत, बस्तीत देवासमोर जाऊन बसतात. पाया पडले, म्हटलं, मी चुलीला शिवणार नाही, तुम्ही करून खा. तर डोळ्याला पदर लावला. मला काही म्हणजे काही कळत नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार
आज आपण होऊन बोलल्या. माझ्याकडे न बघता. "मंगळवारी मीबी दिली हुती गं. तुला चोरून. माझ्या तवनाप्पाचीच गोळी. लय खाजवीत हुती बघ... आत्ताची नि रातची, दिस मावळायच्या आत म्हणून एकदम दिल्या. दोन."