फळीच्या कडेची जागा

दादा,

नमस्कार समजून घे. उद्या तू आईला कायमची न्यायला येतोयस. "आई आणि ते भोंगे एका खोलीत राहणार नाहीत," हा तुझा निकाल फोनवर ऐकला. भोंगे नव्हेत ते. माझ्या हातचे, पेटी नसलेले स्पीकर आहेत, दोन उघड्या फळ्यांवर बसवलेले. आवाज पुढून येतो तसाच मागूनही येतो, म्हणून ते भिंतीला टेकवून चालत नाही. खोली अडते, कबूल.

पण फळ्यांच्या बरोब्बर रेषेत, कडेला, पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात. तिथे जवळजवळ शांतता असते. जमिनीवर आडवा होऊन, कान लावून मी ती जागा शोधली आणि आईचा पलंग तिथेच लावला. आता दादा काय बोलतो बघू, म्हटलं.

आज दुपारी गाणं लावलं. आईने मान वळवली.

"चालू आहे का रे ते?"

"आहे की. तुला त्रास नको म्हणून तिथे निजवलंय."

"म्हणजे एवढ्या खटाटोपात मी एकटीच बाहेर? ओढ पलंग पुढे. थोरल्याकडेही मला अशीच कडेला ठेवतात."

हे शेवटचं वाक्य तिचं आहे, माझं नाही. ते तुझ्या हातात द्यायला मन धजत नाही, म्हणून हे पत्र माझ्याच खिशात राहील.

पलंग पुढे ओढलाय. त्यामुळे दार अर्धंच उघडतं. उद्या तुला अंग चोरूनच आत यावं लागेल.

तुझा,
धाकटा