तहसीलदाराच्या गाठीबद्दल

मेडशी, मंगळवार

चि. बापूरावास,

ताईचे आशीर्वाद (आज ते जरा करड्या आवाजात वाच). तुझ्या गुडघ्याला नागपूर मानवलं असेल आणि सूनबाई तुला गोड कमी देत असेल, असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे, संताप तेवढा सोडला तर.

तू माझ्याकडे ठेवून गेलेल्या तहसीलदाराच्या (कुत्र्याचं असलं नाव ठेवणारा माझा सख्खा भाऊ आहे, हे मला चारचौघांत कबूल करावं लागलं) पोटाखाली गाठ आली आहे. गोपीचंदच्या ऑटोतून त्याला वाशीमला जनावरांच्या खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि संमतीच्या कागदासाठी मला नमरा नावाच्या नर्सपुढे बसवलं. मी पेन काढलं. तिने कागद मागे ओढला. सही करायला तयार असलेल्या माणसाला अडवणारा हा पहिलाच दवाखाना!

पाऊण तास समजावलं तिने. ऑपरेशन केलं तर गाठ जाईल, पण तेरा वर्षांचं वय, कमजोर हृदय, भूल झेपेलच असं नाही. नाही केलं तर दुखणं कमी करायच्या गोळ्या, आणि मिळतील तेवढे महिने. मी म्हटलं, तुझा कुत्रा असता तर काय केलं असतंस? तर म्हणते, "माहा नाही ना आजी. ठरवाचं तुमाले आहे. आता सांगा, काय समजलं?"

म्हणजे चौतीस वर्षं मुलींची तोंडी परीक्षा घेतलेल्या बाईची परीक्षा! कॉन्व्हेंटात सिस्टरांपुढेही मी कधी अडखळले नाही. घडाघडा सांगितलं. "एक सुटलं, आजी." पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच सुटलं. तिने ओरडावं ना, तर नुसती थांबून राहिली, हात तहसीलदाराच्या कानामागे. तिसऱ्यांदा म्हणाले, तो टेबलावरून उठणारही नाही कदाचित. तेव्हा कुठे तिने मान हलवली आणि मला पाणी दिलं.

बापू, तुझ्या भाऊजींच्या ऑपरेशनच्या वेळी कागदावर एकाने बोट ठेवलं होतं, "इथे करा." लग्नपत्रिकेतल्याही चुका काढणारी मी, एक ओळ न वाचता सही केली. ते उठले नाहीत. मला कुणी काही म्हणायला लावलंच नव्हतं.

एवढं झाल्यावर नमराने लसीचं कार्ड पाहिलं. मालक: बापूराव. "मग त्यायलेच इचारा लागते, आजी." डॉक्टरांनी आठ दिवस दिलेत. (फोनवर आपण भांडतो, म्हणून हे पत्र नागपूरला निघालेल्या स्वप्निलच्या हाती.)

तुझी,
विमलताई

ता. क. कोरा कागद सोबत आहे. वाचून झाल्यावर काय समजलं ते मला तुझ्या शब्दांत सांगायचं. ते एक वाक्य गाळायचं नाही.

आणखी एक ता. क. सही स्वप्निलच्या हाती पाठवू नकोस. मालक समोर हजर लागतो (हा नियम नमराचा नाही, माझा आहे). तहसीलदाराच्या मताला कागदावर रकाना नाही, पण नागपूरची बस थांबली की तो अजून फाटकाशी जाऊन बसतो. आधी त्या बसमधून उतर. मग हो म्हण, नाही म्हण.