बारा आटे पाणी

बाबा, आज धरणावर जाऊन आले. वीजघरात दोनातलं एकच यंत्र चालू होतं, दुसरं बंद. फाल्गुनात पाणीच तेवढं असतं आणि तेवढ्यावर एक टर्बाइन मजेत फिरतं. तिथल्या नव्या ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, इतक्या कमी पाण्याचा अंदाज तेव्हा आला कसा?" मी म्हटलं, "मोजलं होतं." यंत्रांची निवड माझी होती आणि ती बरोबर होती. चाळीस वर्षं झाली, अजून एकही जनित्र बदलावं लागलेलं नाही. ही फुशारकी तुमच्याकडे नाही मारायची तर कोणाकडे?

तेव्हा मी पाटबंधारे खात्यात नवी होते. मांडवीला खोली घेऊन राहायचे, रविवारी घरी यायचे. धरणातून कालव्याला सोडतात त्या पाण्यावर वीज करायची ठरलं आणि यंत्रं निवडायचं काम माझ्याकडे आलं. कालव्याच्या दाराचे चौकीदार तुम्ही, म्हणजे रोज सोडलेल्या पाण्याची वही तुमच्याच हातची. चार वर्षांच्या वह्या मी कचेरीत चाळल्या. पौषापासून वैशाखापर्यंत रोज तोच आकडा! इतकं शहाण्यासारखं वाहणारं पाणी असेल तर एकच मोठं यंत्र पुरे. तसा मसुदा लिहून मी मोठ्या ऐटीत घरी आले. तुम्ही ओटीवर सुपारी कातरत बसला होता. मी वाचून दाखवते आहे आणि तुमचा अडकित्ता मध्येच थांबतो.

"अगो, ता पाणी न्हाय. ता माझा अक्षर हाय."

वरून मंजूर झालेला आकडा यायचा, तोच तुम्ही रोज उतरवायचात. पाणी मात्र सोडायचात दाराचं चाक फिरवून, त्याच्या स्क्रूचे आटे मोजून. वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताची लावणी असली की बारा आटे, मग पाच-सहा, आणि शिमग्यात दोन, कारण गाव पालखीत नाचत असताना शेतात पाणी वळवायला असणार कोण? "म्हणजे खोटं लिहिलंत?" मी कडाडले. "खोटा कसा? मागितलानी ता दिला," तुम्ही म्हणालात, आणि मग, "तू माझी वही बघितलंस. धरणाकडं एकदा तरी बघितलंस काय?" एवढं शिकून मला ते सुचलं नव्हतं. निम्म्याहून कमी पाण्यात मोठं टर्बाइन थरथरतं, बंदच ठेवावं लागतं. माझं यंत्र वर्षातले कितीतरी महिने शोभेला उभं राहिलं असतं.

पुढच्याच आठवड्यात आपण दोघांनी कालव्यात खाच पाडलेली फळी आडवी बसवली. तुम्ही एकेक आटा दार उचलायचात, मी खाचेतून वाहणारं पाणी मोजायचे. गावात ढोल वाजत होते. दरवर्षी पालखीला पहिला खांदा तुमचा, त्या वर्षी ती आपल्या अंगणात आली तेव्हा तुम्ही ग्रीसने माखलेल्या हातांनी चाकाशी उभे. मी म्हटलं, जा. "पालखी पुढल्या वर्षी येल. यंत्र काय पुना पुना येत न्हाय." कोणत्या महिन्यात किती आटे, हे तुम्ही तोंडपाठ सांगितलंत, आणि त्यावरून मी दोन छोटी यंत्रं ठरवली.

अहवाल पुरा झाल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "माझा नाव कुठं घातलंस?" मी म्हटलं, वही खरी नव्हती हे उघड होईल, पेन्शनला दीड वर्ष राहिलंय. तुम्ही मान डोलावलीत. पुन्हा कधी विषय काढला नाहीत.

बाबा, पेन्शन मला तुम्ही विचारल्यावर आठवली. अहवाल लिहिताना भीती वेगळीच होती. चौकीदाराच्या आट्यांवर यंत्रं निवडली हे कळलं तर साहेब लोक हसतील, अशी. आणि तो चौकीदार माझा बाप आहे, हे मी कचेरीत कोणाला सांगितलंच नव्हतं. यंत्रं पहिल्यांदा सुरू केली त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मी तुम्हाला म्हणाले, "काका, दार उघडा." तुम्ही "होय, मॅडम" म्हणालात आणि चाक फिरवलंत. किती आटे, ते मला सांगावं लागलं नाही.