सुटला का गं?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

यांचा दयेचा अर्ज फेटाळला! वकील जिन्यातच उभे राहून सांगून गेले. आत या म्हटलं, तर "नको वहिनी, आत आई असतील." तारीख वीस. पहाटे.

घरात पाय ठेवला तर सासूबाईंचा रोजचा प्रश्न — "सुटला का गं?"

"नाही, आई."

"बरं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

वन्संचा फोन. "आईला फाशीचं कळता कामा नये. तिचा सगळा जीव दादात. ऐकलं तर जागच्या जागी जाईल, आणि ते पाप तुझ्या माथी, वहिनी." स्वतः येणार नाहीत. सासरी तोंड दाखवायला जागा नाही म्हणे. मला कुठे आहे?

वर्तमानपत्र बंद केलं. तेवढीच बचतही. रेडिओचे सेल काढून ठेवले. समोरच्या बाईला अख्खी गल्ली भोंगा म्हणते. तिला हात जोडून सांगितलं, आमच्या खिडकीखाली हा विषय नको. तर म्हणते, "मी कशाला बोलू? मी कधी कुणाचं काही काढते का?" — देवा!

पण रोजच्या प्रश्नाला उत्तर काय देऊ? आजवर "नाही" म्हणत होते, ते खरं होतं. वीस तारखेनंतर? जिभेवर खोटं येऊ देणार नाही, असा देवाला शब्द दिलाय. त्या शब्दापायीच तर हे सगळं झालं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

एकदा लिहून टाकते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

हे घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करायचे. हातात कसब, बोलणं मधासारखं. एकट्या राहणाऱ्या बायका आपणहून घराची किल्ली देऊन ठेवायच्या. आधी ती कपडे शिवणारी विधवा. मग निवृत्त शिक्षिका. दोघींचा गळा मशीनच्या चामडी पट्ट्याने आवळला. दागिन्यांसाठी, असं कोर्ट म्हणालं. मला नाही वाटत. शिक्षिकाबाईंच्या बांगड्या हातात तशाच होत्या. त्या दिवशी हे घरी आले, हात धुतले, जेवले. मीठ कमी आहे म्हणाले. आणि झोपले!

कोर्टात मला एवढंच विचारलं — त्या संध्याकाळी नवरा घरी होता का? मी "नाही" म्हटलं. संपलं.

आता अर्धी गल्ली म्हणते खुन्याची बायको, उरलेली म्हणते हिनेच नवऱ्याला खाल्लं. वाणी सुटे पैसे माझ्या हातात देत नाही, फळीवर ठेवतो. जाऊ तरी कुठे? आईवडील गेले, माहेर मिटलं. आणि सासूबाईंना कुशीवर वळवायलाही मी लागते. हे पकडले जायच्या आदल्या वर्षी त्या जिन्यावरून पडल्या, तेव्हापासून खाटेवर. इकडे आड, तिकडे विहीर, मधे ही खाट.

अजून 'हे'च लिहिते. दुसरं लिहायला हात वळत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सासूबाईंनी खाट फिरवून घेतली. दाराकडे तोंड हवं. "आला की दिसला पाहिजे." शिवाय काठी उशाशी.

"आई, काठी घेऊन काय नाचणार आहात?"

"असू दे गं. तुझ्या बापाचं काय जातं?"

लेक आला की उठून सामोरं जायचं असेल. आईचं काळीज! मोरीत नळ सोडून रडले. मग नळ बंद केला, पाणी फुकट जात होतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

शेवटची भेट. मध्ये जाळी. दाढी नीट केलेली. "जेवण जातं ना?" विचारलं.

"मीठ बरोबर असतं इथे," म्हणाले.

मग — "आई काय म्हणते?"

"रोज विचारतात, सुटला का म्हणून."

हसले! एवढ्या मोठ्याने की पहारेकऱ्याने वळून पाहिलं. मग जाळीला तोंड लावून हळूच — "तिला सांग, येतोय."

मी जाळीपासून मागे सरले. का, ते कळलं नाही. नमस्कार करायचा राहूनच गेला.

बुधवार, १८ फेब्रुवारी

निरोप सांगितला नाही. जपात मन नाही. खोटा नसेल असा शब्द सापडत नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सापडला! भोंगा खिडकीखाली कुणाच्या तरी आजारी आजीचं सांगत होती — "फार हाल झाले हो, सुटली बिचारी." सुटली! गेलेल्या माणसालाही सुटला म्हणतातच की. यात खोटं कुठे आहे? देवानेच भोंगा वाजवला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पहाटे अंघोळ करून देवापुढे बसले. काय मागावं ते कळेना. नुसती बसले.

सकाळी तुरुंगातला शिपाई येऊन सही घेऊन गेला. "झालं, बाई." दारात चप्पल काढून उभा होता. या दाराला एवढा मान कुणी दिला, त्याला किती दिवस झाले!

आतून हाक — "कोण आलं होतं? सुटला का गं?"

आता जाऊन सांगते. या घरात निदान एक तोंड तरी आज उजळू दे.

तोच दिवस, दुपार

"हो आई, सुटले," म्हटलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. काठी दोन्ही हातांनी धरली. "कडी घाल! वरचीही घाल! उभी काय राहिलीस? अगं, मी जिन्यावरून पडले नव्हते!"

मग मी सगळं सांगितलं. फाशी दिली, म्हटलं. काठी हातातून सुटली. आता घोरताहेत.

दोन्ही कड्या अजून तशाच आहेत. काढायला माझा हात धजत नाही.