मामा, तू पुरावा दडवलास

प्रिय मामा,

लाश सापडली होती. एवढं सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आहे. नाववाल्या पोरीच्या बापाची लाश सापडली होती. तिने पाहिली, तिच्या गावाने पाहिली, आणि अकोल्यात जठारपेठेतल्या घरी टीव्हीसमोर बसून तूही पाहिलीस. मग मला फोनवर काय सांगितलंस? गेल्या दिवाळीनंतर तू गेलास, नाहीतर हे भांडण समोरासमोर झालं असतं.

मी तेव्हा चौथीत होते. रविवारी सकाळी ते जपानी कार्टून हिंदीतून लागायचं आणि नेमकी त्याच वेळी अमरावतीत आमच्या भागाची लाइन जायची. भारनियमनाचं वेळापत्रक करणाऱ्याचं मी काय घोडं मारलं होतं कोण जाणे. अकोल्यात तुझ्याकडे मात्र लाइन असायची. मी फोनवर भोकाड पसरलं तेव्हा तू म्हणालास, "रडू नको वं. मी पायतो अन् तुले सांगतो."

आणि खरंच पाहू लागलास. बातम्यांशिवाय टीव्ही लावलेला ज्याला खपत नसे असा वकील! रविवारी तुझ्याकडे पक्षकार यायचे, त्यांनाही तू तिथेच बसवून घेतलंस. बांधाचं भांडण घेऊन आलेला एक जण म्हणे केस मिटल्यावरही येत राहिला. फी द्यायला नाही, पुढे काय झालं ते पाहायला.

फोनवर तुझं सांगणं म्हणजे साक्षच. "तर पोरगी नावेत बसली. नावेत तिच्याशिवाय तिचा बाप, एक बकरी अन् एक इसम. इसमाची नियत खराब दिसते, पण अजून काही सिद्ध झालं नाही." जपानी नावं तुझ्या तोंडात बसेनात, म्हणून नायिकेची तू किसनी करून टाकलीस. एखाद्या रविवारी आमच्याकडे लाइन असली आणि भाग मी स्वतः पाहिला, तरी तुझा फोन यावा असं वाटायचं. टीव्हीवरचा भाग तुझ्यापुढे फिका होता.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बाबा गेले. त्यांना दवाखान्यातून घरी आणायच्या आधीच तू मला गाडीत बसवून अकोल्याला घेऊन गेलास. मी बाबांना पाहिलंच नाही. परत आले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि मी आत गेले की सगळे गप्प व्हायचे.

शाळा सुरू झाली आणि तो भाग आला. वादळात अडकलेल्या लोकांना आणायला किसनीचा बाप नाव घेऊन तळ्यात जातो. आमची लाइन नव्हती. तुझा फोन त्या दिवशी उशिरा आला. नाव फुटली, म्हणालास, पण बाप पल्याडच्या काठाला लागला, पाय मोडून कोण्या वैद्याच्या घरी पडला आहे. पुढचा भाग मी पाहिला तर त्यात किसनी रडत होती. मी तुला जाब विचारला. तू घसा खाकरून म्हणालास, "लाश सापडली का? नाही ना? मंग मेला कसा म्हणून राहिली तू? सात वर्षं बेपत्ता असल्याबिगर कायदा कोनाले मेला मानत नाही."

मामा, मी तो कायदा बाबांनाही लावला. कोणाला बोलले नाही. सात वर्षं झाली तेव्हा मी बारावीत होते. तुला आठवण करून दिली नाही, कारण तू "हो, झाली" म्हणशील याची भीती वाटली.

मालिका संपली तरी बाप आला नाही. "पुढच्या खेपेले येईन तो," असं तू म्हणालास. पुढची खेप आलीच नाही. कॉलेजात असताना अमरावतीत एका गाळ्यावर त्याच्या सीडी मिळाल्या. चित्र धुरकट, भाग उलटसुलट, काही गायब. गायब भागांत तोही होता. खरं सांगू? मला बरं वाटलं.

आणि आता यंदा रिमेक आला! किती खूश झाले असेन मी? पस्तिशी ओलांडलेली बाई, ऑफिसचा डबा उघडा ठेवून मोबाइलवर कार्टून बघत होते. तळ्याचं पाणी असं काढलंय की हात घालावासा वाटतो. पण जुन्या तीन भागांचा मजकूर एका भागात कोंबलाय, बकरीला काही कामच ठेवलं नाही, आणि किसनीचा नवा हिंदी आवाज ऐकून वाटतं, ही आता पुढची गाडी किती वाजता आहे ते सांगेल.

रिमेकमध्ये बाप मरतो. विजा चमकतात, गाणं लागतं, काठावर त्याला आणतात. मला दुःख झालं नाही, राग आला. म्हटलं, या लोकांनी घाण केली, मूळ गोष्ट बदलली. तुझ्या साक्षीवर माझा एवढा विश्वास! तुला खरं ठरवायला मी मूळ मालिकेचा डीव्हीडी संच बाहेरून मागवला.

संच सुंदर आहे. जुनी चित्रं धुऊन पुसून लख्ख केली आहेत. भाषा दोनच, जपानी आणि इंग्रजी. आपली हिंदी कुठेच नाही, ते आवाज कोणी जपून ठेवले नसावेत. तुझं वऱ्हाडी तर कोण ठेवणार? मी तो डबा उलटसुलट करून पाहिला. सगळं दिलं होतं, फक्त मी ऐकलेली मालिका त्यात नव्हती.

डीव्हीडी चालवायचं यंत्र आता आहे कुणाकडे? तुझ्याकडेच. बडनेऱ्याहून गाडी धरली, मामीसाठी संत्री घेतली आणि तुझ्या टीव्हीसमोर बसले. शेजारी तुझी नात, रेवा. नाव वादळात शिरली तेव्हा तिने विचारलं, "आत्या, हिचे बाबा मरतात का?"

"नाही मरत," मी म्हटलं. "तुझ्या आबांनी सांगितलं होतं."

आणि तो मेला. इथे गाणं नाही, विजा नाहीत. माणसं त्याला काठावर ठेवतात, किसनी शेजारी बसते आणि त्याच्या केसांत अडकलेलं शेवाळ काढत राहते. बस, तेवढंच. एवढा खर्च करूनही रिमेकवाल्यांच्या हाती यातलं काहीच लागलं नाही.

मला काय वाटलं सांगू? तिचा हेवा वाटला. तिला बापाला पाहता तरी आलं.

"आबा खोटं बोलले?" रेवाने विचारलं. संत्रं सोलता सोलता मामीचे हात थांबले. "त्या दिवशी ते जेवले नाईत," ती म्हणाली. "पक्षकाराईले वापस पाठवलं. मले म्हणे, एकाच वर्षात त्या पोरीले दुसऱ्यांदा कसं सांगू? तिच्याकडची लाइन गेली होती ते बरं झालं, म्हणे."

रेवा रडली. मग संध्याकाळी तिचा बाबा, आपला नितीन, बाहेरून आला, तशी ती त्याच्या पाठीवर चढली आणि जेवायची हाक येईपर्यंत उतरली नाही. खरं कळल्यावर तिला जायला जागा होती. त्या वर्षी मला नव्हती, आणि हे घरात फक्त तुला कळलं. मामा, म्हणून मी त्या खोट्याबद्दल तुझ्यावर रागावू शकत नाही.

पण अकोल्याला नेलंस त्याबद्दल रागावले आहे. मला बाबांना पाहू द्यायला हवं होतंस. घाबरले असते, किंचाळले असते, पण वाट पाहत बसले नसते. एवढा हुशार वकील, आणि हे कसं रे लक्षात आलं नाही तुझ्या? की आलं होतं, आणि ते फोनवरचं सगळं त्याचीच भरपाई होती?

याचं उत्तर आता मिळणार नाही. ठीक आहे. रेवाने मात्र मला सोडलं नाही. "आबावाला भाग सांग" म्हणाली, तर तुझ्याच बोलीत सांगितला, वैद्याच्या घरासकट. ती खूप हसली.

आणि तुला एक वचन देते. बाबांच्या तिथीला मी दरवर्षी काहीतरी काम काढून गावाबाहेर असते. यंदा घरी राहीन. आईच्या शेजारी बसेन आणि तिला विचारीन, त्या दिवशी बाबांना घरी आणलं तेव्हा त्यांच्या अंगावर कोणता शर्ट होता.

तुझी लाडकी आणि भांडखोर भाची,
पल्लवी